जाणाऱ्यांची वाटी

मुलाने तीन नंबरच्या टेबलावर नकाशा पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर माझ्या चार मीठदाण्या ठेवल्या. राग आला तो आधी मीठदाण्यांचाच. नुकत्याच पुसून, भरून जागच्या जागी ठेवल्या होत्या. म्हटलं, "अरे, टेबल जेवायला असतं, शहर पसरायला नाही." तो हसला नाही. आनंदात असला की तो हसत नाही, बापासारखं नुसतं नाक फुगवतो. "आई, बघ तर," म्हणाला, "आजच छापून आलाय. कुठे नवीन दुकानं चालतील, कुठे हॉटेलं चालतील, सगळं यात आहे. दोन वर्षांचं काम." मी हातातल्या फडक्यानेच चष्मा पुसला आणि वाकले. शहर म्हणे. रेघाच रेघा, आणि त्यांवर रंगीत ठिपके, गोवर उठल्यासारखे. मला नकाशा वाचता येत नाही, तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण आपली गल्ली ओळखायला शाळा लागत नाही. बसस्टँडकडून येते, गुडघ्यात दुमडल्यासारखी वळते आणि दवाखान्याच्या मागे निघते. तो गुडघा मला लगेच सापडला. आणि बरोबर त्या वळणावर, जिथे मी चाळीस वर्षं खानावळ चालवते आहे, जिथे त्या क्षणी फडकं घेऊन उभी होते, तिथे एक हिरवा गोल होता. बाटलीच्या बुचाएवढा. शेजारच्या बेकरीवर तपकिरी टिंब होतं. पलीकडे चांभाराच्या दुकानावर निळं होतं. कोपऱ्यावरच्या त्या चहावाल्यावरसुद्धा, ज्याचा चहा म्हणजे गरम पाण्याला नुसती दिलेली धमकी, तपकिरी टिंब होतं. आमच्यावर काही नव्हतं. हिरवा गोल आणि त्याच्या आत कोरा कागद.

"हिरवा म्हणजे काय रे?"

"हिरवा म्हणजे वाव. सगळ्यात चांगला. अख्ख्या शहरात सातच आहेत."

"आणि तपकिरी?"

"खाण्याचं चालू ठिकाण."

"मग आपलं?"

त्याचं बोट चांभारापाशी होतं. ते तिथून बेकरीपाशी गेलं, मग परत चांभारापाशी आलं. दोघांच्या मधे आम्ही. बोट आमच्यावरून तीनदा गेलं आणि थांबलं नाही. फुगलेलं नाक हळूहळू खाली बसलं. मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. गर्दीत कोणीतरी खांद्यावर हात ठेवावा आणि वळून बघितलं तर मागे कोणी नसावं, तसं. आत चुलीवर रस्सा खदखदत होता तो ऐकू येत होता. एक नंबरच्या टेबलावर उंट जेवत होता. उंट म्हणजे आमचं एक जुनं गिऱ्हाईक, इतका उंच की दारातून येताना मान पोटात घालून येतो आणि बसला तरी उभ्यासारखा दिसतो. तो बोटं चाटत होता. एवढा मोठा माणूस, आवाज करून चाटत होता, आणि नकाशावर तो जिथे बसला होता तिथे कोणी नव्हतं. मला उगाच वाटलं, आता उठून त्याच्या खांद्याला हात लावून बघावा.

मी लग्न होऊन आले तेव्हा या दाराला तीन पायऱ्या चढून यावं लागायचं. खिडकीत बसलं की खालून जाणाऱ्यांची डोकी दिसायची, टक्कल, भांग, टोप्या, कोणाच्या डोक्यात कोंडा आहे ते. मग रस्ता डांबरी झाला, एक पायरी गेली. मग गटाराचं काम निघालं, वर खडी, खडीवर डांबर, दुसरी गेली. मुलगा झाला त्या वर्षी रस्ता आणि उंबरा एका पातळीला होते. तेवढं एकच वर्ष आम्ही जगाच्या बरोबरीने बसलो. तेव्हा खिडकीतून चेहरे दिसायचे. पुढे रस्ता चढतच गेला आणि ह्यांनी आतल्या बाजूला पायऱ्या बांधायला घेतल्या. दर डांबराला एक. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, शेवटची पायरी त्यांनीच बांधली, जरा तिरकी झाली आहे. आता चार उतरून यावं लागतं आणि खिडकीतून मला लोकांचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात. जागा हलली नाही, चूल हलली नाही, शहर तेवढं वर गेलं. मला त्याचं काही वाईट वाटत नसे. चेहऱ्यापेक्षा पाय बरे. चेहरा माणूस घडी करून घालतो. टाच कशी झिजली आहे ते लपवता येत नाही. बस चालवणारा माणूस उजव्या पायाच्या टाचेवर कलतो. दवाखान्यात कोणाला तरी ठेवून आलेली बाई पावलं मोजल्यासारखी टाकते. मीठवाली, म्हणजे कचेरीतली एक कारकून बाई, चव न घेताच ताटात मीठ ओतते म्हणून ते नाव, ती टाचा आपटत येते आणि जेवून जाताना आपटत नाही.

खिडकीची ही बैठक सासूबाईंची. त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या, ही बैठक आणि जिभेची धार, आणि दोन्ही त्यांच्या हयातीत मला वापरू दिल्या नाहीत. सकाळी दहा ते अकरा त्या खिडकीत बसायच्या, मांडीवर दोन वाट्या. उजवीत वाळके वाटाणे, डावी रिकामी. आत न शिरता पुढे जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक वाटाणा उजवीतून डावीत. डावीला म्हणायचं जाणाऱ्यांची वाटी. सकाळी जे दवाखान्याकडे जातात ते दुपारी भुकेले होऊन परत येतात; वाटी किती भरली यावरून तांदूळ किती धुवायचा ते ठरायचं. चाळीस वर्षांत माझा भात कधी उरून टाकावा लागला नाही आणि कधी कोणी उपाशी परत गेलं नाही, ते या वाट्यांमुळे. पण आत आलेल्याला वाटाणा नाही. ताटावर बसलेलं माणूस मोजायचं नाही, हा सासूबाईंचा सक्त नियम. मोजलं की त्याचा घास अडकतो. मी नवी होते, तोंड उघडायची हौस होती. विचारलं, "मग किती जेवले ते कळायचं कसं?" त्यांनी माझ्याकडे, वाडग्यात माशी पडल्यावर बघावं तसं बघितलं. "पातेलं रिकामं झालं की कळतं." त्यानंतर मी कधी विचारलं नाही आणि कधी मोजलं नाही. ह्यांनी नाही, मी नाही, स्वयंपाकाला असलेल्या बाईने नाही. मुलाला मात्र आम्ही हा नियम कधी सांगितलाच नाही. पोरगा शिकावा, या पातेल्यांतून सुटावा असं आमचं होतं. त्याला कशाला सांगा.

आणि तो सुटला तो मोजणीदार झाला. नवीन दुकान किंवा हॉटेल काढायचं तर कुठे काढावं, कुठल्या रस्त्यावरून किती माणसं जातात, किती थबकतात, किती आत शिरतात, हे सांगणारी त्याची कंपनी. नगरपालिकेने तिला अख्खं शहरच मोजायला दिलं होतं. हे कसलं काम ते मला कळायलाच वर्ष लागलं. भूक लागली की माणूस खातो, त्यात मोजायचं काय? मग एक दिवस मांडीवर वाट्या घेऊन बसले होते आणि माझं मलाच हसू आलं. पाच वर्षं तो तिथे हंगामी आहे. कायम करतो, करतो म्हणतात. त्याची टाच दुखते, शाळेत होता तेव्हापासून. प्रार्थनेच्या रांगेत तो एका पायावर कलून उभा राहायचा आणि मास्तर त्यासाठी मारायचे. आणि नोकरी कसली, तर आठ तास उभं राहायची. दोन महिन्यांपूर्वी तो संध्याकाळी आला, चार नंबरला बसला, बूट काढून टाच दाबत राहिला आणि म्हणाला, "आई, एक काम करशील?" मी ताट वाढायला वळले होते. तो म्हणाला, "जेवायचं नाही. काम आहे."

माझ्या मुलाने जेवणाशिवाय दुसरं काही माझ्याकडे मागितल्याला किती वर्षं झाली होती, हे मला तेव्हा कळलं. मागून मागून काय मागतो आहे हे ऐकण्याआधीच मी मनात हो म्हणून मोकळी झाले होते. त्याच्याकडे दोन कोपरे आले होते, स्टँडसमोरचा आणि आमच्या गल्लीचा. माणूस कमी पडला होता आणि साहेबांपुढे याने छाती काढून सांगितलं होतं की दोन्ही मी करतो. एकाच वेळी दोन ठिकाणी कसा उभा राहणार होता ते देव जाणे. "तू तरी बसतेसच ना खिडकीत," तो म्हणाला.

"बसते म्हणजे? मी काय शोभेची कुंडी आहे?"

"तसं नाही गं. तुझ्याइतकं कोणाला जमणार आहे?"

झालं. एवढ्यावर मी विरघळले. माझं कौतुक करायला लोकांना फार कष्ट पडत नाहीत, पण कोणी करत नाही. आठवडाभर स्वयंपाकाच्या बाईच्या अंगावर पातेली टाकून मी सकाळी नऊ ते पाच खिडकीत बसले. त्याने हातात धरून टिचकी मारायचं एक यंत्र दिलं होतं, ते मी पहिल्याच दिवशी डब्यात ठेवून दिलं. माझ्या हाताला वाटाण्याची सवय. वाटी भरली की भिंतीवर पेन्सिलीने एक खूण. अक्षरं मला दगा देतात, आकडे देत नाहीत. ते सात दिवस मला अजून अंगठ्याच्या पेरात आठवतात. वाटाण्याची ती सुरकुतलेली साल, वाटीतला बारीक आवाज, आणि वरून पाय, पाय, पाय. दुपारी दोनला ऊन तिरपं होऊन पायांच्या सावल्या माझ्या मांडीवरून जायच्या, जाणाऱ्याला पत्ता नाही. वाटायचं, ही सगळी माणसं माझ्या अंगावरून चालली आहेत आणि मी त्यांना एकेक करून वाटीत ठेवते आहे, हरवू नयेत म्हणून. अशी मोजणी आयुष्यात कोणी केली नसेल. एक पाय सुटू दिला नाही. वर्दी घातलेले, अनवाणी, कुबडीचे, सगळे. कागदावर दोन ओळी होत्या. वरची पुढे जाणाऱ्यांची, तिथे मी तासातासाचा आकडा घातला. खालची आमच्या दारातून आत शिरणाऱ्यांची; बेकरी आणि चहावाला दुसऱ्या कागदावर होते. तिथे मी सातही दिवस, पट्टी लावून, एक सरळ आडवी रेघ मारली. कोरी सोडली तर आळस केला असं वाटेल म्हणून. कागद त्याच्या हातात देताना माझी छाती भरून आली होती, आणि त्याने न बघता पिशवीत घातला तरी मला काही वाटलं नाही. मुलं आईच्या वस्तू न बघताच पिशवीत घालतात.

आता नकाशावर वाकून तो म्हणाला, "खालची ओळ तू भरलीच नव्हतीस."

"भरली होती. रेघ मारली होती."

"रेघ म्हणजे शून्यच ना, आई! रात्री ढिगाने कागद उतरवत होतो, कोपरा कुठला ते बघितलंच नाही, सातही दिवस शून्य टाकलं."

"रेघ म्हणजे शून्य कसं? रेघ म्हणजे ही माणसं मोजायची नसतात."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उंटाने तिकडून भात मागितला. मी गेले, वाढला, परत आले, तेव्हाही हात तसेच. मग त्याने हातांच्या आतून मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं, आणि मी ते ऐकलं, लहान मुलासारखंच. दिवसाला चाळीस माणसं आत शिरली की चालू ठिकाण धरतात, तपकिरी टिंब देतात, आराखड्यात ती जागा सांभाळून घेतात. आमच्याकडे साठ-सत्तर तरी येत असतील. पण कागद सांगत होता की या गल्लीतून दिवसाला अडीच हजार माणसं जातात आणि त्यांच्यापैकी एकही या वळणावर जेवायला शिरत नाही. एवढी भूक आणि तिला जेवणाचं एकही दार नाही. कंपनीच्या दृष्टीने याहून चांगली जागा शहरात नव्हती. इथे एका छपराखाली दहा हॉटेलं, वर कपड्यांची दुकानं, खाली गाड्या. आमची जागा भाड्याची, घरमालक तर अशा कागदाचीच वाट बघत होता. म्हणजे मी जेवढी चोख मोजणी केली तेवढा तो गोल हिरवा झाला. एखादा आळशी मोजणीदार असता, निम्मे पाय सोडून देणारा, तर कदाचित आम्ही वाचलो असतो.

"मग जा, सांग त्यांना. चूक झाली म्हणावं, आईने रेघ मारली."

"आईने?" तो म्हणाला. "कागदावर सही माझी आहे, आई. त्याच दिवशी, त्याच तासांना स्टँडसमोरच्या कागदावरही माझीच सही आहे."

संध्याकाळी सून औषधाच्या दुकानातून आली. तिला सगळं सांगितल्यावर ती जराही ओरडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. पिशवी खुंटीला अडकवून म्हणाली, "दोघांनी मिळून केलंत ते बरं झालं. एकट्याला एवढं जमलं नसतं." मग थोड्या वेळाने, कांदा चिरता चिरता, "आई, साठ वर्षांच्या बाईला एवढं कळू नये? आत माणसं ढीगभर बसलेली दिसत होती ना डोळ्यांना?" मी म्हटलं, "तुझ्या दुकानात तू गोळ्या मोजून देतेस, ताटातला भात मोजून देत नाहीत." ती म्हणाली, "नाही देत ना, म्हणून तर." आणि पुढचा कांदा घेतला. बासष्ट वर्षांची आहे मी. दोन वर्षं कमी सांगितली हा तिचा मोठेपणा, की अज्ञान, हे मी ठरवू शकले नाही. तिचंही खोटं नव्हतं. मुलगा सांगायला गेला तर नोकरी जाते, आणि वर सही खोटी केल्याचा डाग. चाळिशीचा, टाचेने अधू माणूस, त्याला दुसरीकडे कोण उभं करणार. आणि नाही गेला तर हे जातं. हे म्हणजे काय, मला सांगता येईना. पातेली मी कुठेही ठेवीन. ह्यांनी बांधलेली ती तिरकी पायरी कुठे ठेवू?

त्यानंतरचे दिवस मी खिडकीत बसायचे पण वाटाणे हलवायचे नाही. पडताळणीला एक मॅडम येणार होत्या, गुरुवारी. त्यांनी डोळ्यांनी बघून सही केली की गोल पक्का. एका दुपारी मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, बघू तर खरं किती होतात. सासूबाईंची क्षमा मागून मी दाराकडे तोंड करून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक माणसामागे बोट दुमडायला लागले. पहिला माणूस मोजला तेव्हाच कोणाचं तरी पत्र उघडून वाचल्यासारखं वाटलं. उंट सातवा. स्टँडवरचे दोन हमाल अठरावा, एकोणिसावा. त्यांची तोंडं दिसेनाशी झाली, नुसते आकडे उतरून येत होते, आकडे ताट ओढून घेत होते, आकडे म्हणत होते रस्सा जरा पातळ झालाय आज. मीठवाली एकतिसावी. ती बसली, मीठ ओतलं, पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला. असा लागला की डोळे बाहेर आले, उंटाने उठून पाठीत गुद्दे घातले, बाई पाणी घेऊन धावली. मी जागची हलले नाही. दुमडलेली बोटं सोडायला पण मला सुचेना. ठसके काय, रोज कोणाला तरी लागतात. तिखट जास्त पडलं असेल. पण मी मोजणं तिथेच सोडलं, एकतीसवर, आणि मग दिवसभर दाराकडे पाठ करून बसले. चाळीसपर्यंत पोचायला नऊच माणसं हवी होती. ती आली असणार. पातेलं रिकामं झालं होतं.

बुधवारी सकाळी निघताना बूट घालत घालत मुलगा म्हणाला, "मॅडमना उद्या साडेअकराची वेळ दिलीय. तेव्हा आत कोणी नसतं ना?" मी म्हटलं, "बारापर्यंत नसतं." त्याने मान हलवली. एवढंच. खोटं बोल असं तो म्हणाला नाही, खरं बोलू नकोस असंही नाही. माझ्या डोळ्यांत बघितलंही नाही, बुटाची नाडी मात्र दोनदा बांधली. आणि मी त्याला एक गोष्ट सांगितली नाही. बारापर्यंत कोणी नसतं हे खरं, पण पावणेबाराला ड्रायव्हर येतो. दवाखान्याच्या बसवरचा, बाराला त्याची पाळी सुरू होते, अकरा वर्षं तो पावणेबाराला येतो, सगळ्यांच्या आधी एकटा जेवतो, कधी चुकला नाही. बायको गेल्यापासून त्याच्या घरी चूल नाही. मुलगा त्या वेळेला कधी घरी नसतो, त्याला कुठून माहीत असणार. मी सांगितलं नाही. का, ते मला विचारू नका. मी काही ठरवलं नव्हतं. दार पुरतं न लावता, किंचित फट ठेवून झोपावं, तसं.

गुरुवारी मॅडम आल्या. मला वाटलं होतं कोणी तोऱ्यातली असेल, तिला दोन शब्द ऐकवायची मी तयारी करून ठेवली होती. पण ती साधी निघाली, माझ्या सुनेच्या वयाची, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. पायऱ्या उतरताना तिरक्या पायरीवर अडखळली आणि "सॉरी" म्हणाली, पायरीलाच म्हणाली. अशा माणसाला काय ऐकवणार. ती खिडकीत वाकून बघत होती, दार मोजत होती, टेबलं मोजत होती. चारच आहेत. टेबलं मोजायला काही हरकत नाही. मुलगा तिच्या मागे, मी त्याची कोणी नसल्यासारखा, भिंतीला टेकून उभा होता, दुखरी टाच उचलून, एका पायावर. प्रार्थनेच्या रांगेतल्यासारखा.

"वास किती छान येतोय, आजी," मॅडम म्हणाल्या.

"घरापुरतं केलंय."

तीस माणसांचं पातेलं होतं. आतून बाईने झाकण आपटलं, तिला राग आला की ती झाकणं आपटते.

"हे अजून चालू आहे का? म्हणजे जेवायला येतं कोणी?" त्यांनी पाटीवर कागद लावला होता, पेन उघडलं होतं. "नाही, आमच्याकडे शून्य आहे, पण टेबलं पुसलेली दिसतात, म्हणून विचारते. तुम्ही म्हणाल तसं मी लिहीन. बदलता येतं अजून."

बदलता येतं. हे ती किती सहज म्हणाली. मी मुलाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या मानेवर मागे एक केसांचा भोवरा आहे, लहानपणी मी त्यावर तेल थापायचे तरी तो बसायचा नाही, तो मला तिथून दिसत होता. मी काहीतरी बोलणार होते. काय बोलणार होते ते मला खरंच माहीत नाही. तोंड उघडलं होतं एवढं आठवतं. तेवढ्यात खिडकीत बूट दिसले. काळे, उजवी टाच बाहेरून झिजलेली. घड्याळाकडे बघायची गरज नव्हती. बूट खिडकीवरून दाराकडे वळले, आणि त्या दोन-तीन पावलांत माझ्या मनात जे झालं ते असं, की आता मला काही करायला नको. हा उतरून येईल, ताट ओढील, जेवील. मी तोंड न उघडता सगळं उघडं होईल. माझ्यावर काही येणार नाही. चार पायऱ्या. एक. दोन. तिरकी त्याने सवयीने चुकवली.

"मावशी, वाढा पटकन, आज गाडी भरून आहे," तो म्हणाला आणि एक नंबरची खुर्ची ओढली.

मॅडमनी पेन टेकवलं. मुलाने मान वर केली. त्याने त्या माणसाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, आणि उचललेली टाच हळूच जमिनीवर ठेवली. दुखत असताना ठेवली. मार खायच्या आधी ठेवायचा तशी.

"बंद आहे," मी म्हटलं.

"आं?"

"खानावळ बंद केली. काही नाही आज. जा."

ड्रायव्हर खुर्ची धरून तसाच उभा राहिला. रस्सा आत उकळत होता, त्याचा वास सगळ्या खोलीत होता, मेलेल्या माणसाला कळला असता. त्याने माझ्याकडे बघितलं, मॅडमच्या पाटीकडे बघितलं, परत माझ्याकडे. अकरा वर्षांत मी त्याला शिव्या घातल्या होत्या, उशीर केला म्हणून, ताटात टाकलं म्हणून. कधी परत पाठवलं नव्हतं. "बरं नाही का मावशी?" त्याने हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" त्याने खुर्ची जागच्या जागी सारली. आवाज होऊ न देता. मग चढून गेला.

"अधूनमधून असं एखादं चुकून येतं," मी मॅडमना म्हटलं. "बाकी कोणी येत नाही, बाई."

त्यांनी खाली वाकून लिहिलं. फार वेळ लागला नाही. मी माझ्या बैठकीवर जाऊन बसले. दोन्ही वाट्या खिडकीशी तशाच होत्या. वर झिजल्या टाचेचे बूट परत दिसले, दारातून निघून स्टँडच्या बाजूला चाललेले, उपाशी. खिडकीसमोर ते जरासे थबकले. मग पुढे गेले. मी उजवीतून एक वाटाणा उचलला आणि जाणाऱ्यांच्या वाटीत टाकला.